दोन याद्यांमधले नाव

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला दर वर्षी एखादे नवे जोडपे येते. ओळख होते, चकली-चहा होतो, आणि मग माझे नाव ऐकून त्यांचा चेहरा जरा गोंधळतो. "म्हणजे तुम्ही... ख्रिश्चन?" मी हो म्हणतो. "मग गोव्याचे का?" मी म्हणतो, "नाही हो, नेवाशाचे." त्यावर बहुतेक जण हसतात. मग मी त्यांना सांगतो की विल्टशायरमधला एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्याला पोचला आणि तिथे त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत लिहिले. ते १६१६ साली छापले गेले. विल्टशायरच्या माणसाला मराठी चालते, तर नेवाशाच्या माणसाला का चालू नये? ह्या बोलण्याचा आता मलाच कंटाळा आला आहे, पण चहा गार होईपर्यंत ते पुरते.

ह्या वर्षी संपादकांनी "काही तरी अनुभवाचे लिहा, हिशेबाचे नको" असे बजावले. आपल्या मंडळात मी हिशेबाखेरीज काही केलेले नाही, म्हणून ही अडचण. तरी लिहितो.

माझे वडील नेवासे तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते आणि रविवारी कीर्तनकार. ख्रिस्ती कीर्तन हा प्रकार पुष्कळांना माहीत नसतो, म्हणून सांगतो. आपल्या हरिकीर्तनासारखेच सगळे. धोतर, उपरणे, फेटा, मागे पेटी आणि तबला, पूर्वरंग, उत्तररंग. फक्त आख्यान उधळ्या पुत्राचे नाही तर चांगल्या शोमरोन्याचे. नगर जिल्ह्यात ही परंपरा जुनी आहे. कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारखे कीर्तनकार तिथलेच, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तिला कवीची वाणी दिली. बाबांच्या दृष्टीने टिळक म्हणजे रेव्हरंड टिळक. लोकमान्यांचा उल्लेख करायचा तर ते 'केसरीवाले टिळक' म्हणत. वडाळा मिशनच्या आवारात कडुलिंबाखाली बाबांचे कीर्तन असले की आजूबाजूच्या वस्तीवरचे लोक घोंगड्या घेऊन येत. त्यांत ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती हे कोणी मोजत नसे. बाबांचा आवाज वरच्या पट्टीत गेला की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत, असे माझी आजी सांगे. ह्यात तिच्या पदरचे थोडे असेल.

मी एकुलता एक मुलगा. बाबांच्या चिपळ्या माझ्याकडे येणार हे कोणी ठरवले नव्हते, पण घरात सगळ्यांना ठाऊक होते. तेरा वर्षांचा असताना नाताळच्या आधीच्या रविवारी बाबांनी मला पूर्वरंगाला उभे केले. पहिला अभंग बरा गेला. दुसऱ्याच्या ध्रुपदाशी मी अडखळलो, पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, पुन्हा धरून ठेवला, आणि मला पुढची ओळ काही आठवेना. समोर दीड-दोनशे माणसे. मी उपरणे तिथेच टाकून पळालो ते मिशनच्या विहिरीमागे जाऊन बसलो. रात्री बाबा रागावले नाहीत. त्यांनी कंदिलाच्या उजेडात उपरण्याची घडी घातली आणि आईला म्हणाले, "ह्याला ते दान नाही." एवढेच. पुन्हा तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

दान नाही. हे शब्द घेऊन मी नगरला कॉमर्स केले, पुण्यात नोकरी केली आणि १९८७ साली लग्नानंतर वर्षभराने, नर्स असलेल्या बायकोच्या मागोमाग, इथे हॅरोला आलो. निघताना बाबांनी चिपळ्या बॅगेत घातल्या. मी म्हटले, "मला काय करायच्या?" ते म्हणाले, "असू देत. वजन काही फार नाही." त्या आमच्या माळ्यावर ख्रिसमस ट्रीच्या खोक्यात कितीतरी वर्षे पडून होत्या.

हॅरोच्या टेकडीवरचे सेंट मेरीज चर्च तुम्ही सगळ्यांनी पाहिले असेल. मेट्रोपॉलिटन लाइनने येताना त्याचा मनोरा दिसला की घर आले असे वाटते. कँटरबरीच्या आर्चबिशप अँसेल्मने १०९४ साली ते अर्पण केले. आमचे चर्च ते नव्हे. आमचे खाली सपाटीवर, विटांचे, साधे, हीटिंग कधी चालते कधी नाही. पहिल्या रविवारी आम्ही दोघे मागच्या बाकावर बसलो. उपासना संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच खुर्च्या उचलत होते. मी मदतीला गेलो. त्या दिवसापासून गेली अडतीस वर्षे मी खुर्च्या उचलतो आहे. मग किल्ल्या माझ्याकडे आल्या, मग सभागृहाच्या आरक्षणाची वही, मग जमाखर्च. आपल्या मंडळातही तेच झाले. गणेशोत्सवाला खुर्च्या किती, भाड्याची अनामत परत आली का, जेवणाची पाने किती धरायची, हे लोक मला विचारतात. आरतीच्या वेळी मी मागे उभा राहतो. कोणी मला पुढे ओढत नाही आणि कोणी बाहेरही काढत नाही. हा समजूतदारपणा आपल्या मंडळाचा, त्याबद्दल मी आजवर कोणाचे आभार मानलेले नाहीत. ते इथे मानतो.

आता मूळ विषयाकडे येतो. १९९८ च्या सुमाराला आमच्या चर्चमध्ये 'आपली कृपादाने ओळखा' असा सहा आठवड्यांचा वर्ग झाला. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात एक यादी आहे. कोणाला ज्ञानाचे वचन, कोणाला विश्वास, कोणाला रोग बरे करण्याचे सामर्थ्य, कोणाला संदेश देण्याचे, कोणाला निरनिराळ्या भाषा बोलण्याचे. देणारा आत्मा एक, दाने वेगवेगळी, आणि ती स्वतःच्या मिरवणुकीसाठी नाहीत, सगळ्यांच्या उपयोगासाठी आहेत, असा त्या अध्यायाचा रोख आहे. करिंथ हे बंदराचे गाव. तिथल्या चर्चमध्ये अन्य भाषांत बोलणारे स्वतःला फार मोठे समजू लागले होते आणि बाकीच्यांना वाटू लागले होते की आपण कोणीच नाही. म्हणून पौलाने शरीराचे उदाहरण घेतले. पाय हात नाही म्हणून तो शरीराचा नाही का? सगळेच डोळे झाले तर ऐकायचे कोणी? आपल्याकडे पंचप्राणांच्या भांडणाची गोष्ट आहे उपनिषदात, तिची मला तेव्हा आठवण झाली होती.

वर्गाच्या शेवटी शंभराहून जास्त प्रश्नांची एक पत्रिका भरायची होती. एक ते पाच गुण. 'मला अनोळखी लोकांशी देवाबद्दल बोलायला आवडते.' 'कपाट अस्ताव्यस्त दिसले की मी ते आवरतो.' बेरीज मीच सगळ्यांची करून दिली, कारण बाकीच्यांच्या चुकत होत्या. माझी बेरीज झाली तेव्हा सर्वांत मोठा आकडा 'व्यवस्थापन' ह्या रकान्यात होता.

मला फार लागले ते. तुम्हांला हसू येईल, पण एक्केचाळीस वर्षांचा माणूस गाडीत बसून दहा मिनिटे गाडी सुरू न करता राहिला. बाबा त्या वेळी हयात होते. त्यांना फोनवर काय सांगायचे? की पवित्र आत्म्याने शोमरोन्याच्या आख्यानाऐवजी मला घड्या घालायच्या खुर्च्या दिल्या?

घरी आल्यावर हिला सांगितले. ही भाजी चिरत होती. ती म्हणाली, "माझ्या पणजीला काय दान होतं माहीत आहे का? उलटं वाचायचं."

हिची पणजी दुष्काळातली पोर. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात ज्या मुलींना आणले, त्यांतली एक. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनंतर तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. हा आकडा वाचताना आपण पुढे जातो. हिशेबनीस म्हणून मी तिथेच थांबतो. दोन हजार माणसांना दोन वेळा भाकरी, म्हणजे रोज किती धान्य? किती जाती? विहिरीचे पाणी किती? लुगडी किती, आजारी किती, पळून गेलेल्या किती? हे सगळे कोणी तरी लिहून ठेवत असणारच. रमाबाईंची ख्याती संस्कृताची. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला तो त्या विद्वत्तेचा. इंग्लंडला त्या १८८३ साली आल्या त्या डॉक्टरकी शिकायच्या इराद्याने, आणि कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमले नाही. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला तेच दार बंद. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, मग चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले. पुढे केडगावला जे उभे राहिले त्यात संस्कृताचा वाटा किती आणि विहिरी खणण्याचा, हातमागाचा, धान्याच्या कोठीचा किती, ह्याचा विचार आम्ही २००४ साली वाँटेजला गेलो तेव्हा मी करत होतो. मुलांना मात्र बाजारातल्या राजा आल्फ्रेडच्या पुतळ्यापलीकडे आणि चिप्सपलीकडे रस नव्हता. कॉन्व्हेंट आम्ही बाहेरून पाहिले आणि पावसामुळे परत फिरलो.

तर पणजी. रमाबाई ग्रीक आणि हिब्रू शिकून सगळे बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले जात होते. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या सगळ्या तिथल्याच बायका. पणजी खिळे जुळवायची. जुळवलेला मजकूर आरशातल्यासारखा उलटा असतो, तो ती सरळ मजकुरासारखा भराभर वाचायची. म्हातारपणी नातवंडांना वर्तमानपत्र आरशासमोर धरून वाचून दाखवायची, अशी हिच्या घरातली आठवण आहे. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या; पूर्ण बायबल छापून निघाले ते १९२४ साली. त्यावर नाव रमाबाईंचे आहे, आणि ते बरोबरच आहे. ही म्हणाली, "पणजीने एक काना गाळला असता तर?" आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

मी त्या रात्री पौलाची यादी पुन्हा वाचली. अध्यायाच्या शेवटी शेवटी तो दुसरी एक यादी देतो. तीत 'व्यवस्था पाहणे' शेवटून दुसरे आहे. तिथे मूळ ग्रीक शब्द 'कुबेर्नेसिस' असा आहे, आणि त्याचा अर्थ जहाजाचे सुकाणू सांभाळणे. हे आमच्या व्हिकरने सांगितले. करिंथच्या खलाशांना तो शब्द रोजचा असणार. मला बरे वाटले, नाही असे नाही. सुकाणू म्हटले की खुर्च्यांना जरा प्रतिष्ठा येते. बाबांना मी पत्रात हे सगळे लिहिले. त्यांचे उत्तर आले त्यात पाऊस, शेजाऱ्याची म्हैस, पेन्शन असे सगळे होते आणि शेवटी एक ओळ: रेव्हरंड टिळकांना हिशेब कधी जमला नाही, लक्ष्मीबाईंनी निभावून नेले. एवढ्यावर मी समाधान मानले. 'ख्रिस्तायन' टिळकांनी दहा-अकरा अध्याय लिहून सोडले होते आणि पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनीच लिहिले, हे बाबांनी पत्रात लिहिले नव्हते, पण त्यांना ते माहीत होते आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होते. बाबा २००३ साली गेले.

इथवरची गोष्ट मी पूर्वी एकदा चर्चमध्ये सांगितली आहे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत. पुढची सांगितलेली नाही.

मार्च २०२० आठवा. आपल्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलातल्या अतिदक्षता विभागात जागा उरली नाही म्हणून ते देशभर बातम्यांत आले. २३ मार्चला टाळेबंदी. ही तेव्हा निवृत्तीला आली होती, तरी ड्यूटीवर होती. ती घरी आली की मी दाराशी कपड्यांसाठी पिशवी ठेवी. चर्च बंद झाले आणि दोन दिवसांत माझ्याकडे काम आले: एकट्या राहणाऱ्यांची यादी करायची, कोण कोणाला रोज फोन करील ते वाटून द्यायचे, औषधे आणि किराणा कोण नेईल ते लावायचे. त्याच आठवड्यात मंडळाच्या कार्यकारिणीनेही मला तेच सांगितले. मी खूश होतो. खोटे कशाला बोलू? जग बंद पडले होते आणि ज्या एका गोष्टीची सगळ्यांना गरज होती ती मला येत होती. दोन तक्ते केले. चर्चचा निळा, मंडळाचा केशरी.

वील्डस्टोनला आमचे एक काका राहत. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेल. मूळचे कागलकडचे, साठच्या दशकात इथे आलेले, लंडनच्या माउंट प्लेझंटच्या टपाल कचेरीत तीस वर्षे पत्रे छाननी केलेले. काकी गेल्यावर एकटेच. मंडळाचे जुने सभासद. आणि आमच्या चर्चमध्ये बुधवारी म्हाताऱ्यांसाठी जेवण असे, तिथेही येत. "तुमचा येशू जेवायला घालतो, आमचा गणपती मोदक देतो. माझं भागतंय की," असे म्हणत.

निळ्या तक्त्यात काकांच्या नावापुढे मी लिहिले: मंडळ बघेल. केशरी तक्त्यात लिहिले: चर्च बघेल. दोन्ही माझ्याच हस्ताक्षरात, बहुधा एकाच संध्याकाळी, मधे चहाचा एखादा कप झाला असेल. दोन्ही तक्ते पूर्ण भरलेले, एकही रकाना रिकामा नाही. मी ते कार्यकारिणीला आणि व्हिकरला पाठवले, आणि दोघांचीही शाबासकी आली.

एप्रिलमधल्या एका रात्री काका न्हाणीघरात पडले. ती रात्र आणि दुसऱ्या दिवशीची दुपार ते फरशीवर होते. शेजारच्या तमिळ बाईंना दुधाची बाटली दारात तशीच दिसली, म्हणून त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. खुब्याचे हाड मोडले होते. त्या दिवसांत हॉस्पिटलात जाणे म्हणजे काय होते हे तुम्हांला माहीत आहे. भेटायला कोणी जाऊ शकत नव्हते. पाच आठवड्यांनी ते घरी आले, वॉकर घेऊन.

मंडळाला वाटले चर्चकडून राहिले. चर्चला वाटले मंडळाकडून राहिले. दोन्हीकडच्या लोकांनी मोठ्या मनाने एकमेकांना दोष दिला नाही. चूक कुठे झाली ते दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्याखेरीज कळणारे नव्हते, आणि दोन्ही तक्ते फक्त माझ्याकडे होते. मी ती ओळ दुरुस्त केली. कोणाला काही बोललो नाही. हिलाही नाही.

त्या दिवसांत झोप येत नसे. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय मी तेव्हा किती वेळा वाचला सांगता येत नाही. ख्रिस्ती मंडळी नुकती सुरू झालेली, आणि त्यांच्यात कुरकुर उठते ती रोजच्या अन्नवाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटून जात होत्या. त्या बहुधा परगावाहून येऊन यरुशलेमेत राहिलेल्या, भाषा वेगळी, कोणाच्या यादीत नाव नसलेल्या. मग सात माणसे निवडली, आणि कशी निवडली? आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली पाहून. वाढप्याच्या आणि यादीच्या कामाला! त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लहानपणापासून मी हा अध्याय स्तेफनाच्या हौतात्म्याची प्रस्तावना म्हणून ऐकला होता. बाबा कीर्तनात तो दोन वाक्यांत उरकत आणि दगडांवर येत. माझ्या लक्षात आता आले की त्या म्हाताऱ्यांपैकी काही जणी उपाशी राहिल्या असणार.

चर्चमध्ये दान म्हटले की आपल्याला देणगीसारखे, कौतुकासारखे काही तरी वाटते. मलाही वाटत होते. चांगला गाणारा चुकला तर बेसूर होतो, लोक घरी जातात. यादी ठेवणारा चुकला तर माणूस फरशीवर राहतो. हा हिशेब मला कोणत्याही वर्गात कोणी सांगितला नव्हता, आणि त्या पत्रिकेत त्यासाठी रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, घरात जाऊन बसायची परवानगी मिळाली तेव्हा मी दोन्ही तक्ते घेऊन काकांकडे गेलो. ही म्हणाली होती, "आता सांगून त्यांना काय मिळणार? तुलाच मोकळं वाटेल." (तिला मी आदल्या रात्री सांगितले होते.) तिचे खरे असेल. तरी गेलो. काकांनी चष्मा लावून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"म्हणजे तुझ्या वहीत मी दोनदा हुतो," ते म्हणाले, "आणि एकदाबी नव्हतो."

मी काही बोललो नाही.

"टपालात असंच हुतं. पत्र दोन पिशव्यांच्या मधे पडतं. ह्या पिशवीवाल्याला वाटतं त्या पिशवीत गेलं. खाली वाकून कोण बघत न्हाई." मग म्हणाले, "रात्रभर मला वाटत हुतं, कुणाला तरी कळंल. सकाळी फोन वाजंल. एवढंच ऐकत हुतो. फोन वाजला न्हाई."

हे त्यांनी रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. ते स्वयंपाकघरात गेले, वॉकर टेकत, आणि मी उठू लागलो तर "बस" म्हणाले. चहा घेऊन मीच आलो शेवटी. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विचारले, "पेन आहे?"

त्या दिवशी त्यांनी मला छाननी शिकवली. एकाच माणसाचे नाव दोन याद्यांत आले तर दोघांनीही फोन करायचा, जास्त झाला तर झाला. 'दुसरा बघेल' हे शब्द कुठल्याही रकान्यात लिहायचे नाहीत, माणसाचे नाव लिहायचे. रोज संध्याकाळी कोणाचा फोन लागला नाही एवढेच विचारायचे, लागलेल्यांचे नाही. आणि ज्याला फोन करायचा त्यालाही दुसऱ्या कोणाला तरी फोन करायला लावायचा, म्हणजे तो उठून बसतो. शेवटचा नियम सांगून ते थांबले आणि म्हणाले, "मला दे की नावं."

मी चाचरत म्हटले, "काका, बहुतेक चर्चची माणसं आहेत. इंग्रज म्हाताऱ्या, जमैकाच्या, केरळच्या."

"मग? माझं इंग्रजी काय कागलचं हाय व्हय?"

अकरा नावे दिली. रोज सकाळी सव्वाआठला ते सुरू करत. पावणेनऊपर्यंत अकरा फोन. गप्पा नाहीत, "गुड मॉर्निंग, आर यू अप?" आणि उत्तर आले की पुढचा. एका बाईंनी तक्रार केली की हे गृहस्थ फार तुटक बोलतात. दुसऱ्या आठवड्यात काकांना ताप होता आणि फोन गेला नाही, तर त्याच बाईंनी मला नऊ वाजता फोन करून झाडले.

एकदा मी त्यांना कृपादान म्हणजे काय ते सांगू पाहिले. पौल, शरीर, अवयव, सुकाणू, सगळे. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "तू नेवाशाचा ना? तिथं खांबाला टेकून ज्ञानेश्वर सांगत हुते. लिहून कोण घेत हुतं?"

"सच्चिदानंदबाबा."

"मग झालं तर," असे म्हणून त्यांनी टीव्ही लावला. बाराशे बारा शकातला लेखनिक माझ्या गावचा, त्याचे नाव मी शाळेत पाठ केलेले, आणि ते मला वील्डस्टोनच्या फ्लॅटमध्ये आठवून द्यावे लागले. (बाबांचे कीर्तन होते त्या कडुलिंबापासून तो खांब फार लांब नाही.)

काका २०२३ च्या नोव्हेंबरात गेले, झोपेत. ते आम्हांला कळले ते सकाळी साडेआठला, कारण सव्वाआठच्या यादीतल्या पहिल्या बाईंचा मला फोन आला की आज कोणी विचारले नाही. मी पोचलो तेव्हा त्यांच्या फोनशेजारी वही होती. अकरा नावे, प्रत्येकापुढे रोजची बरोबरची खूण, आणि पानाच्या तळाशी बारावे नाव त्यांनी स्वतःच वाढवलेले. ते माझे होते. खरेच, दर रविवारी सकाळी ते मला फोन करत, आणि मला वाटे की ते चर्चच्या जेवणात काय आहे ते विचारायला करतात.

त्यांच्या दहनाला ब्राह्मण मंडळाने आणला, आणि फुले चर्चच्या बायकांनी. खुर्च्या मी मांडल्या. लोक जमायच्या आधी हिने पिशवीतून चिपळ्या काढून माझ्या हातात दिल्या. माळ्यावरून केव्हा उतरवल्या होत्या कोणास ठाऊक. भजन मंडळाच्या बायका म्हणत होत्या. मी गायलो नाही. मागच्या रांगेत उभा राहून ताल तेवढा धरला, तो चुकला नाही.

अकरांतल्या दोघी आता नाहीत, तीन नावे नवी आली आहेत. वही माझ्याकडे आहे. उद्या रविवार, त्यामुळे सव्वाआठच्या ऐवजी पावणेआठला सुरू करावे लागेल, कारण नऊला सभागृहाचे कुलूप उघडायचे असते आणि एक बाई ऐकायला कमी येते म्हणून फोन दोनदा करावा लागतो.